मदत हवी आहे: पावसात डोव्हर कॅसल, सोबत आईबाबा आणि दोन पोरं

मंडळी, ऑक्टोबरच्या हाफ-टर्ममध्ये, म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत, लंडनहून डोव्हर कॅसलला, समुद्रकाठच्या कड्यावरच्या किल्ल्याला, जायचं ठरतंय. आईबाबा पुण्याहून आलेत, दिवाळी करून परतणार. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा. त्या दिवशी दिवसभर पाऊस दाखवतायत आणि दुसरा दिवस मोकळा नाही. बाबा म्हणतात, "राजगड भर आषाढात चढलोय, हा काय पाऊस!" आईचे गुडघे मात्र तेव्हाही राजगड चढले नव्हते आणि आताही काही चढायचे नाहीत.

वाचून जे कळलं ते असं: मधला बालेकिल्ला, म्हणजे ग्रेट टॉवर, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ११८० च्या दशकात बांधला. भिंती काही ठिकाणी सहा मीटरहून जाड, आणि दालनं त्याच्या काळच्या दरबारासारखी रंगीबेरंगी सजवलेली. म्हणजे आपल्या गडांसारखी नुसती जोती बघायची नाहीत, डोक्यावर छप्पर आहे. दुसरं म्हणजे कड्याच्या पोटातले बोगदे. नेपोलियनशी लढाया चालू असताना सैनिकांना राहायला खोदलेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ॲडमिरल रॅमसे यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून ३ लाख ३८ हजारांवर सैनिक सोडवून आणायची मोहीम इथूनच चालवली. बाबांचा जीव या बोगद्यांत अडकलाय, कारण डंकर्कला हिंदुस्थानातून आलेल्या खेचर-पलटणीही होत्या हे त्यांनी वाचलंय.

आधी बोगदे की आधी टॉवर? आईला कितपत झेपेल? आणि चार वर्षांचं पोर बोगद्यात रडून गोंधळ घालेल का? कोणी पावसात गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद
छत्र्या घरीच ठेवा. कड्यावरच्या वाऱ्यात पहिल्या दहा मिनिटांत उलटून जातात. टोपीवाले रेनकोट आणि पोरांना मोज्यांचे जादा जोड घ्या. सकाळी आधी बोगदे गाठा. गटागटाने सोडतात, आणि पाऊस असला की सगळी गर्दी तिकडेच वळते. पावसाने जरा उसंत दिली की किल्ल्यातल्या चर्चला खेटून उभं असलेलं रोमन दीपगृह बघून घ्या. पुढे कित्येक शतकांनी चर्चवाल्यांनी तेच घंटाघर म्हणून वापरलं. बाहेरून पाच मिनिटांचं काम, पण माझ्या मते अख्ख्या किल्ल्यातली सर्वांत भारी गोष्ट तीच.

प्रतिसाद
काकूंसाठी: टॉवरमधले गोल जिने अरुंद आहेत. त्यांना बळेच वर नेऊ नका, कॅफेत चहा घेत बसू दे. स्टेशनवरून चालतही जाऊ नका. सेंट पँक्रसहून वेगवान गाडीने तासाभरात डोव्हर प्रायरीला पोचाल, पण किल्ला गावाच्या दुसऱ्या टोकाला टेकडीवर आहे. सरळ टॅक्सी करा. आणि मुलांना "फ्रान्स दिसेल" असं कबूल करू नका. हवा स्वच्छ असेल तर तेहतीस-चौतीस किलोमीटरवरचा तो किनारा दिसतो, पावसात समोरचं बंदर दिसलं तरी खूप.

प्रतिसाद
बोगद्यांतल्या डंकर्कच्या फेरीत भिंतींवर जुनी चित्रफीत दाखवतात, आमच्या धाकट्याने ती मजेत पाहिली. बोगद्यांतच युद्धकाळातलं भूमिगत रुग्णालयही आहे, त्याच्या फेरीत मात्र दिवे लुकलुकतात, बाँबचे आवाज येतात. तिथे एकाने लहान्याला घेऊन बाहेर थांबा, दुसऱ्याने थोरलीला न्या, मग अदलाबदल. तुम्ही दोघं इंग्लिश हेरिटेजचे (हा किल्ला सांभाळणारी संस्था) सभासद असाल तर मुलांचं तिकीट लागत नाही. आईबाबांचं काढावं लागेल.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार! आई बोगदे बघणार, टॉवर नाही, असं तिनेच जाहीर केलंय. रुग्णालयात बाबा आणि थोरली जातील. आता एकच शंका: दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत घेतोय, तर पावसात घरचा डबा खायला तिथे आडोसा कुठे मिळेल? कॅफेत बाहेरचं खाल्लेलं चालत नसेल ना?