‘हंटरवाली’ छापाची काडेपेटी: १९३५ ची की नंतरची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांना काडेपेट्यांची लेबलं जमवायचा नाद होता. त्यांच्या वहीत खळीने डकवलेलं एक लेबल सापडलंय. लाल रंगावर मुखवटा लावलेली बाई, उगारलेला चाबूक, खाली ‘हंटरवाली’. कारखान्याचं नाव असायचा तो कोपरा नेमका कसरीने खाल्लाय.

‘हंटरवाली’ हा चित्रपट वाडिया मूव्हीटोनचा, १९३५ चा. दिग्दर्शक होमी वाडिया, नायिका नादिया, म्हणजे मूळची ऑस्ट्रेलियातल्या पर्थची मेरी इव्हान्स. गोरी, निळ्या डोळ्यांची बाई गुंडांना उचलून आपटते हे कोण बघणार, या धास्तीने वितरक हात लावेनात. शेवटी जे.बी.एच. आणि होमी या भावांनी भागीदाराला घेऊन स्वतःच लावला आणि मुंबईत ग्रँट रोडच्या ‘सुपर’ला तो पंचवीस आठवड्यांवर चालला! पिटातल्या पब्लिकने नादियाला डोक्यावर घेतलं. (आमच्या आजेसासूबाईंच्या माहेरी ‘प्रभात’चे सिनेमे चालायचे, स्टंटपट मात्र वर्ज्य.) मग तिच्या नावाने चाबूक, पट्टे, काडेपेट्या असं काय काय विकलं जाऊ लागलं, तेही कंपनीला न विचारता. त्यामुळे वाडियांच्या कागदपत्रांत या लेबलाची नोंद मिळायची आशा नाही.

अडचण अशी की १९४३ मध्ये ‘हंटरवाली की बेटी’ आला, त्यातही नादियाच. लेबलावर ‘की बेटी’ नाही, म्हणून मी १९३५-३६ धरतेय. एवढं पुरे आहे का? पाठीमागे काही छापलंय का ते बघायला लेबल सोडवू का?

प्रतिसाद १
अजिबात सोडवू नका, ओलाव्याने लाल रंग पसरला की संपलंच. नावावर जाऊ नका. ‘हंटरवाली’ हे नाव पुढेही वर्षानुवर्षं नादियाला चिकटून राहिलं. लेबलाचा फोटो घेऊन पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारा, तिथे जुन्या सिनेमांची पोस्टरं, गाण्यांच्या पुस्तिका आहेत. असली चित्रं बहुतेक पोस्टरवरून उचललेली असतात. आणि वहीत शेजारी काय डकवलंय? तुमच्या सासऱ्यांनी मिळतील तशी लावली असतील तर तोच पुरावा.

धागाकर्ती
धन्यवाद! आत्ता वही पुन्हा उघडली. शेजारी दोन बोटांनी ‘व्ही’ दाखवणारा हात, आधीच्या पानावर रणगाडा. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लेबलं. बोंबला!