हात लहान, घर मळ्यात: कमी धक्क्याचं पिस्तूल की रिव्हॉल्व्हर? की काहीच नको?

केळीबागेतली
रावेर तालुक्यात आमचं मळ्यातलं घर आहे. तिन्ही बाजूंनी केळी, त्यामुळे अंगणातला दिवा सोडला तर दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही. मी एकुलती एक. नवरा नोकरीनिमित्त पुण्याला, आप्पा पंच्याहत्तरीचे, शेती मीच बघते. तीन महिन्यांपूर्वी रात्री दीड वाजता विहिरीवरच्या मोटारीची केबल कापायला तिघं आले. कुत्रं भुंकलं, मग एकदम गप्प झालं. मी आप्पांची बारा बोअरची दुनळी खुंटीवरून काढली, पण ती दारात वळेचना. नळी चौकटीला आपटली, दस्ता खांद्यापर्यंत येईना. चोर केबल घेऊन गेले, मी मात्र पहाटेपर्यंत थरथरत बसले होते.

आता आप्पांचा परवाना वारसा हक्काने माझ्या नावावर करायचा आहे. २०१६च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. धारक सत्तरीचा झाला किंवा २५ वर्षं शस्त्र बाळगून झाली की वारसाला अर्ज करता येतो. दुनळी काढून .३२चं (हे नळीचं माप, इंचात) छोटं शस्त्र घ्यावं असं मनात आहे. पण मला सव्वादोनची बांगडीही सैल होते! दुकानदार म्हणाला, "मॅडम, लेडीजसाठी हलकं मॉडेल आहे, पर्समध्ये मावतं." अनुभवी लोकांनी सांगावं.

भो_जळगाव
ताई, बंदूक घरमा शे हाई चोरले कोन सांगी? 😄

माजी_हवालदार_पारोळा
पहिली गोष्ट, त्या दुकानदाराचं ऐकू नका. हलकं म्हणजे बाईमाणसाला सोपं, हा बाजारातला सगळ्यात जुना गैरसमज.

साधा हिशेब बघा. काडतूस तेच असेल तर गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का शस्त्राच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ५०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याची ऊर्जा ७०० ग्रॅमवालीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' काढलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, .३२चं, साधारण ५०० ग्रॅमचं. बायकांसाठी म्हणून खूप गाजलं, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये न्यायला ठीक, कारण वजन दिवसभर वागवायचं असतं. तुम्हाला कुठे न्यायचंय? तुमचं शस्त्र घरातल्या तिजोरीत बसणार. तिथे वजन हा दोष नाही, गुण आहे. पोलादी .३२ रिव्हॉल्व्हर घ्या.

दुसरं म्हणजे रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, काडतुसांची चक्री फिरते, पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात काडतूस फुटलं नाही तर स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे ओढा, ते बाहेर काढा, मग दुसरं. रात्री दीड वाजता, अर्धवट झोपेत, हे सुचत नाही. फौजेत हजारदा केलेला माणूसही चुकतो, मी स्वतः चुकलोय.

भुसावळची_नेमबाज
काका, वजनाबद्दल शंभर टक्के सहमत. रिव्हॉल्व्हरबद्दल मात्र नाही.

मी मुलींना एअर पिस्तूल शिकवते, त्यामुळे लहान हात रोज बघते. अडचण धक्क्याची कमी, पोहोचण्याची जास्त असते. ताई, घरी एक करून बघा. एखादी जाडसर पाण्याची बाटली पिस्तुलासारखी धरा, मनगट आणि कोपर एका रेषेत ठेवा. आता तर्जनीचं पहिलं पेर बाटलीच्या दुसऱ्या बाजूला किती येतं? चाप पेराच्या मध्यावर बसायला हवा. बोट पोहोचत नाही म्हणून मुली पंजाच वळवतात. मग शस्त्राची पाठ तळव्यात बसायच्या ऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येते, आणि सगळा झटका त्या एका हाडावर. मग म्हणतात, "मॅडम, हे फार लागतं." ते काडतूस लागत नसतं, चुकीची मूठ लागत असते.

.३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस मुळात मऊच. २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत पुरुष नेमबाज जगभर .३२ वापरतात ते त्याचा धक्का कमी म्हणूनच. पण नुसता चाप ओढून झाडायचं तर त्या एका ओढीत चक्री फिरते, काडतुसावर आपटणारा मागचा घोडा उचलला जातो आणि पडतो. ती ओढ चार-पाच किलोंच्या आसपास जाते. १० मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा असतो, म्हणजे विचार करा. सव्वादोनच्या बांगडीवाली तर्जनी ती ओढ पुरी करेपर्यंत नळी दोन इंच खाली वाकते. काकांचा पंजा केवढा असेल!

माजी_हवालदार_पारोळा
घोडा अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवला की चाप हलका होतो. हे सांगायचं राहिलं.

भुसावळची_नेमबाज
आणि घोडा ओढलेल्या, हलक्या चापाच्या रिव्हॉल्व्हरवर घाबरलेलं बोट ठेवायचं? केबलचोर पळून गेला की तो घोडा हळूच खाली कोण आणणार, थरथरत्या हाताने? काका, हे तुम्हीही कुणा नवख्याला शिकवणार नाही.

धुळेकर_वकील
मूठ आणि चाप ह्यांवर चर्चा रंगली आहे, पण मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. शस्त्र हवंच कशाला?

ताई, राग मानू नका. त्या रात्री आप्पांची दुनळी तुम्ही हातात घेतलीत, तोच कायद्याने अडचणीचा मुद्दा. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. आणि समजा तुम्ही झाडली असती? विहिरीवरची केबल कापणारा माणूस तुमच्या जिवावर आलेला नाही. खाजगी संरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण त्याला मर्यादा आहेत. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणाऱ्याची गोष्ट वेगळी, ते कलम ४१. साध्या शेतचोरीला जीव घेण्याची मुभा नाही. आरोपी म्हणून उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचं वकीलपत्र मी घेतलंय, त्याच्या घरात आठ वर्षं चूल नीट पेटली नाही.

आणखी एक. निवडणूक लागली की बहुतेकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगरपालिका मोजा. चोर तेव्हा सुट्टी घेतो का?

लोखंडी जाळीचा दरवाजा, अंगणात हालचालीवर लागणारा फ्लडलाइट, सायरन, एकाऐवजी दोन कुत्री, शेजारच्या चार मळ्यांचा एक ग्रुप आणि ११२. ह्यातलं एकही निवडणुकीत जमा करावं लागत नाही.

सातपुडा_पायथा
वकीलसाहेब, ११२ला फोन लावून बघितलाय का कधी आमच्या पट्ट्यातून? फोन लागतो. गाडी यायला नाला, कच्चा रस्ता, पावसात चिखल. तोवर मोटार काय, ट्रान्सफॉर्मरमधलं तेलही निघून जातं. आणि हो, आमच्याकडे बिबट्याही येतो. बोलणं धुळ्यात बसून सोपं आहे.

धुळेकर_वकील
बिबट्यावर गोळी झाडलीत तर वन्यजीव कायदा १९७२ लागेल, पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे तो. तेवढं तरी मनातून काढा.

सातपुडा_पायथा
झाडायचं नाव कुणी काढलं? आवाजाने पळतो तो. पण फटाक्यानेही पळतो हे मान्य 🙏

टेक्सासमधला_चोपडेकर
इथे ह्युस्टनजवळ राहतो, मूळ चोपड्याचा. माझ्या बायकोचे हातही लहान, आणि हाच प्रश्न आम्ही दुकानात उभं राहून सोडवला. स्मिथ अँड वेसन कंपनीचं ३८० शील्ड ईझी पिस्तूल, २०१८ साली आलेलं. नावाप्रमाणे स्लाइड सोपी. ती सोपी का, हे कळलं तर भारतातही उपयोग होईल.

अनेक छोट्या पिस्तुलांत नळी जागच्या जागी घट्ट असते. गोळी सुटताना स्लाइडला मागे उसळण्यापासून धरून ठेवायला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग. म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते, स्लाइड ओढताना दम लागतो, आणि झटकाही टोकदार बसतो. ईझीमध्ये नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून मागे जातात, मग स्प्रिंग हलकी चालते. म्हणजे काडतूस लहान तर पिस्तूल सोपं, असं नाही. इथे कितीतरी बायका 'लहान म्हणून' खिशातलं .३८० घेतात आणि पहिल्या दहा गोळ्यांनंतर कपाटात टाकतात.

स्लाइड ओढायची युक्तीही सांगतो. डाव्या हाताच्या चिमटीत धरून ओढू नका. अख्खा तळवा स्लाइडवर ठेवा, पिस्तूल पोटाजवळ आणा, नळी मात्र सुरक्षित दिशेलाच, आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. खांदा काम करतो, बोटं नाही.

भो_जळगाव
दादा, तुमच्याकडे फॉर्म भरला, तपासणी झाली, की पिस्तूल घरी. आमच्याकडे रहिवासी दाखला, पोलीस पडताळणी, मग जिल्हाधिकारी, मग "उद्या या". तोवर चोर म्हातारा होतो 😂

धुळेकर_वकील
आणि ते ईझी इथे मिळणारही नाही. सामान्य नागरिकाला शस्त्रांची आयात बंद, आणि सैन्यातलं ९ मिमी तर निषिद्धच. आपल्याकडे छोट्या शस्त्रात व्यवहारात .३२ आणि .२२. अमेरिकेतला सल्ला ऐकताना हे लक्षात ठेवा. तिकडे भिंती जिप्समच्या पातळ फळ्यांच्या, म्हणून गोळी शेजारच्या खोलीत जाईल ही त्यांची चिंता. आपल्याकडे विटेची भिंत थोपवेलही, पण मळ्यात शेडचा पत्रा आणि मागचं फळकुटाचं दार असतं. त्यामागे सालदाराचं कुटुंब झोपतं. त्याचा विचार ह्या धाग्यात अजून कुणीच केलेला नाही.

माजी_हवालदार_पारोळा
वकीलसाहेब, इथे हरलो. सालदाराचं खरंच डोक्यात आलं नव्हतं.

सातपुडा_पायथा
.२२ का नको मग? 'निदार' म्हणून छोटं रिव्हॉल्व्हर आहे ना, २५० ग्रॅमचं. धक्का नावालाच.

भुसावळची_नेमबाज
धक्का नावालाच हे .२२ला खरं, म्हणून शिकायला त्याच्यासारखं दुसरं नाही. महिलांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा .२२वरच होते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ला इंडोनेशियात पालेंबांगला आशियाई सुवर्ण जिंकलं ते त्याच प्रकारात. पण २५० ग्रॅमची वस्तू हातात स्थिर राहत नाही. नवख्या हातात ती नुसती फिरते. शिवाय .२२च्या काडतुसाची दारू कडेला पेटते, ते न पेटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त. जिवावर बेतल्यावर विसंबावं असं नाही, निदान माझं मत.

भो_जळगाव
ज्याला परवान्याची घाई त्याने गावठी कट्ट्यांसाठी बदनाम उमर्टी गावच्या बातम्या वाचाव्या. गावठी कट्टा बाळगताना धरलं की पुढची शेती तुरुंगातून. आणि तो कट्टा पुढे उडेल की मागे, हे त्याच्या कारागिरालाही ठाऊक नसतं.

केळीबागेतली
दहा दिवसांनी लिहिते आहे, उशीर झाला, केळीची काढणी चालू होती.

जळगावला जाऊन दुकानात वेगवेगळे प्रकार रिकामे करवून हातात घेतले. जे झालं ते सांगते. हलकं, 'लेडीज' म्हणून दाखवलेलं, धरताक्षणी आवडलं. मग नेमबाज ताईंच्या बाटलीसारखं कोपर सरळ ठेवून चाप ओढला तर नळी चक्क काउंटरकडे वाकली. दुकानदार म्हणाला, सवय होईल. पिस्तुलाची स्लाइड चिमटीने दोनदा ओढली, हलली नाही. चोपडेकर दादांची युक्ती केली, पोटाजवळ आणून पुढे ढकललं, खट्कन मागे! मीच दचकले. पण मॅगझिनमध्ये डमी काडतुसं भरताना पाचव्याला अंगठा हरला, नख मोडलं. पोलादी जड रिव्हॉल्व्हर हातात बसलं, वजनाने शांत वाटलं, फक्त मूठ जाड. लाकडी मूठ बारीक करून मिळते म्हणाले. तरीही चाप पुरा ओढायला दोन बोटं लागतात, एका बोटाने अर्ध्यावर थांबतं. म्हणजे माजी हवालदार काका वजनावर बरोबर, ताई चापावर बरोबर, आणि माझ्या हाताला आज तरी दोघांचं काहीच झेपत नाही.

वकीलसाहेब, तुमच्यावर दोन दिवस चिडले होते, हे कबूल करते. सालदाराच्या खोलीचं वाचून रात्री टॉर्च घेऊन मागच्या दारात उभी राहिले आणि चोर कुठे असतील तिथून रेषा धरून बघितली. ती सरळ त्यांच्या पाळण्यावरून जाते. जाळीचा दरवाजा बसवला, लाइटही लावले. दुसरं कुत्रं सालदाराच्या पोराने आणलंय, नाव ठेवलंय 'सायरन'.

वारसाचा अर्ज मात्र दिला आहे. तो मागे घेणार नाही. आप्पांची बंदूक ठाण्यात पडून गंजावी हे मला पटत नाही, आणि पंचविशीपासून एकटीने मळा सांभाळणाऱ्या बाईला "तू फक्त कुत्रं पाळ" म्हणणं तर त्याहून पटत नाही.

धुळेकर_वकील
असं मी म्हटलं नव्हतं. पण असो. अर्ज नामंजूर झाला तर नाशिकला विभागीय आयुक्तांकडे अपील असतं, मुदत चुकवू नका. मत माझं तेच आहे.

माजी_हवालदार_पारोळा
तिजोरी भिंतीत बोल्ट करून घ्या. काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली गळ्यात, खुंटीवर नाही.

भुसावळची_नेमबाज
ताई, अर्जाचा निकाल येईपर्यंत बोटाची ताकद तरी कमवू. आठवड्यातून दोनदा या. एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही.

केळीबागेतली
शनिवारी येते. नखं कापूनच.