97 ची मारुती 800 घाटात तापते, मेकॅनिक हेड खोलायला सांगतोय. खोलू का?

खंबाटकी_पार:
नमस्कार मंडळी. 1997 ची कार्ब्युरेटरवाली 800 आहे, एसी नाही. काकांची गाडी, आता माझ्याकडे आलीये आणि विकायची अजिबात नाहीये, त्यामुळे "भंगारात दे" असं कृपया कुणी सांगू नका. प्रॉब्लेम असा की पुण्यात ऑफिसला जाता येता काटा अर्ध्याच्या खालीच असतो, सिग्नलला फॅन पण लागतो आणि बंद होतो. पण साताऱ्याला जाताना हायवेला 70 च्या पुढे ठेवली की काटा हळूहळू चढायला लागतो आणि खंबाटकी चढताना तर थेट लालच्या जवळ जातो, वर थांबून बोनेट उघडलं की रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीत बुडबुड आवाज. परत येताना बोगद्यातून येतो, तेव्हा एवढी तापत नाही. पाणी पण कमी होतं, पण खाली कुठे थेंब दिसत नाही. जवळच्या मेकॅनिकने गाडी न चालवताच सांगितलं हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवायला लागेल. खर्चाचं बघून घेईन, पण उगाच हेड खोलायचं मनाला पटत नाहीये. काय करू?

ग्रीसवाले_हात:
भावा थांब, हेडला हात लावू देऊ नको अजून. तू जे लिहिलंयस त्यातच अर्धं उत्तर आहे. गाडी कधी तापते हे सगळ्यात आधी बघायचं असतं. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि पळायला लागली की थंड होते, तर फॅन, थर्मो स्विच, रिले, वायरिंग तिकडे बघायचं, कारण उभ्या गाडीला हवा फक्त फॅनच देतो. तुझं उलटं आहे, उभी असताना बरी आणि लोड आला की तापते, म्हणजे हवा पुरेशी आहे पण इंजिन जेवढी उष्णता तयार करतंय तेवढी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाहीये. रेडिएटर आतून बुजलाय, किंवा थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडत नाही, किंवा पंपाच्या पात्या गंजून खाल्ल्यात, किंवा पंपाचा बेल्ट ढिला होऊन जास्त आरपीएमला सरकतोय. या सगळ्यानंतर गॅस्केट.

आता घरी बघण्यासारखं सांगतो. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप उघड (गरम असताना चुकूनही नको, वाफ तोंडावर येते) आणि पाणी काठोकाठ भरून स्टार्ट कर. सुरुवातीला दोनचार बुडबुडे आले तर काही नाही, पण बुडबुडे थांबतच नाहीत आणि रेस दिली की वाढतात तर मग गॅस्केटचा संशय खरा. दुसरं म्हणजे कॅप लावून थंड इंजिन सुरू कर आणि एक मिनिटात रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दाबून बघ, पाणी अजून थंड आहे तरी होज दगडासारखा टणक झाला असेल तर सिलेंडरमधलं प्रेशर पाण्यात घुसतंय. ऑइलची कांडी बघ, चहाच्या रंगाचा फेस आहे का. हे तिन्ही नसेल तर हेड राहू दे जागेवर.

नाशिकचा_पेट्रोलहेड:
वरच्यांशी सहमत, फक्त एक भर घालतो, रेडिएटर कॅप बदला आधी. लोकं तिच्याकडे फक्त झाकण म्हणून बघतात पण ती प्रेशर व्हॉल्व्ह आहे, साधारण 0.9 किलोचा दाब धरते आणि त्या दाबामुळे पाणी 100 च्या ऐवजी 115-120 डिग्रीपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं, चिरलं की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाटलीतून उडून जातं, म्हणून खाली थेंब न दिसता पाणी कमी होतं. बाटलीतला बुडबुड आवाज त्यानेही येऊ शकतो. कॅप काही महाग नसते. थंड झाल्यावर बाटलीतलं पाणी परत ओढून घ्यायचं कामही तिच्यातल्या छोट्या व्हॉल्व्हचं असतं, तो अडकला तर रात्रभरात वरचा होज चपटा झालेला दिसतो.

आणि पाणी खूप कमी झालं तर काट्यावर विश्वास ठेवू नका. सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच बरोबर दाखवतो, पाणी खाली गेलं की इंजिन जळत असताना काटा खाली दिसू शकतो.

पणजीकर_800:
मी तर थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता, आमच्याकडे थंडी कुठे असते, गाडी कायम थंड. तुम्ही पण काढून टाका ना दादा, फुकटचं काम.

ग्रीसवाले_हात:
नको दादा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि त्यानेच इंजिनं झिजतात. 82 ते 88 डिग्रीच्या आसपास तो उघडतो ते इंजिन लवकर त्या तापमानाला यावं म्हणून. काढला की इंजिन थंडच पळत राहतं, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल जास्त खातं, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि चिकट गाळ बसतो. शिवाय खरा आजार रेडिएटरचा असेल तर तो झाकला जातो आणि एप्रिल-मे मध्ये लोड आला की परत वर येतो. संशय असेल तर काढून पातेल्यात पाणी उकळून बघायचा, उघडतो की नाही डोळ्याने दिसतं. नाही उघडला तर नवीन टाका, रिकामी जागा ठेवू नका.

@खंबाटकी_पार, गाडीत आतापर्यंत कूलंट होतं की साधं पाणी?

खंबाटकी_पार:
सगळं करून बघितलं आज. बुडबुडे सुरुवातीला थोडे आले मग बंद. होज मऊ होता, गरम झाल्यावरच टणक झाला. कांडीवर ऑइल स्वच्छ. कॅपचं रबर मात्र पार चिरलेलं निघालं, नवीन टाकली. बेल्ट अंगठ्याने दाबला तर सेंटीमीटरभराच्या आत दबतोय. कूलंटचं विचाराल तर काकांकडे गावाला असताना बोअरचं पाणीच टाकायचे, कॅपखाली बघितलं तर पांढरा-तपकिरी थर आहे. आणि गाडी गरम करून फॅन लागून गेल्यावर बंद करून रेडिएटरला हात लावून बघितला, वरचा भाग चटका बसेल एवढा गरम आणि खालचा उजवा कोपरा कोमट पण नाही.

ग्रीसवाले_हात:
मिळालं! तो थंड कोपरा म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नाहीये, बोअरच्या क्षारांनी बुजल्यात. शहरात अर्धा रेडिएटर पुरतो, घाटात पुरत नाही. रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे न्या, गॅरेजमध्ये नाही. तांब्या-पितळेचा असेल तर तो वरची टाकी डाग (सोल्डर) सोडवून उघडतो आणि नळ्यांत पट्टी घालून रॉडिंग करतो. प्लास्टिक टाकीचा अ‍ॅल्युमिनियम असेल तर रॉडिंगच्या नादी न लागता नवीनच घ्या. बाजारातली फ्लश पावडर एवढ्या जुन्या थराला पुरत नाही, उलट सुटलेले तुकडे हीटर कोअरमध्ये (केबिनच्या हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये) जाऊन बसतात. रेडिएटर उतरलेलाच आहे तर पंप पण खोलून पात्या बघून घ्या, साध्या पाण्याने त्याही खाल्लेल्या असतात.

नाशिकचा_पेट्रोलहेड:
आणि तोपर्यंत घाटात न्यायचीच वेळ आली तर काटा वर जायला लागल्याबरोबर बाजूला घ्या, लालपर्यंत वाट बघू नका. ब्लॉक लोखंडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, हेड लवकर वाकतं, मग खरंच फेसिंगला (मशीनवर घासून सपाट करायला) न्यायची पाळी येते. गरम इंजिनवर गार पाणी तर ओतूच नका, चीर जाते.

खंबाटकी_पार:
रेडिएटर पितळेचा निघाला. टाकी उघडून दाखवली, खालच्या बाजूच्या कितीतरी नळ्या पूर्ण बंद, चुन्यासारखं भरलेलं. रॉडिंगला दिलाय, पंपाच्या पात्या ठीक आहेत. थर्मोस्टॅट पातेल्यात उघडला, पण नवीनच टाकतोय. बसवताना काय काळजी घेऊ?

ग्रीसवाले_हात:
कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये, डब्यावर दिलेल्या प्रमाणात. बोअरचं नको आणि नळाचंही नको. गाडी थंड असतानाच कॅप काढून हळूहळू भरा, मग कॅप उघडी ठेवूनच सुरू करा. लेव्हल खाली जाईल तसं वरून टाकत राहा, वरचा होज गरम होईपर्यंत हवा निघत राहते. पाणी कॅपच्या तोंडाशी फुगून यायला लागलं की मात्र लगेच कॅप लावा. आत एअर लॉक (अडकलेली हवा) राहिला तर गाडी पुन्हा तापते आणि लोकांना वाटतं काम फुकट गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना कॅप उघडून परत बघा, थोडं खाली गेलेलं असेल, तेवढं भरा.