मदत हवी आहे: शिक्षक ग्रंथालयाकडे फिरकतच नाहीत, बुधवारी मीटिंगमध्ये काय बोलू?

खिडकीजवळची (शुक्रवार, रात्री ९.१०)
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. हायस्कूलमध्ये ग्रंथपाल म्हणून लागून दोन महिने झाले. टीचर लोक मुलांना ग्रंथालयात पाठवत नाहीत, स्वतःही येत नाहीत. टाइमटेबलवर तास आहे, तो गणिताचा पोर्शन संपवायला जातो. कुणी रजेवर असलं की मात्र शिपाई येतो, "मॅडम, आठवी ब तुमच्याकडं बसवू काय?" मी ग्रंथपाल की पोरं सांभाळणारी? एचएम (मुख्याध्यापक) सरांना सांगितलं तर म्हणाले, बुधवारी स्टाफ मीटिंगमध्ये दहा मिनिटं देतो, बोला. आता काय बोलू? एम.लिब.ला हे कुणी शिकवलं नाही. कुणाकडे तयार पीपीटी असेल तर पाठवा. लवकर सांगा.

गुंडू_गणितवाला
आल्या आल्या गणितावर घसरलात की! ताई, पावसाच्या सुट्ट्या कलेक्टर देतात, पोर्शन मात्र कुणी कमी करत नाही. दहावीचा निकाल पडला की संस्थेवाले ग्रंथपालाला विचारत नाहीत, मला विचारतात.

लिब_करवीर
माहिती अपुरी आहे. माध्यम कोणतं? सरकारी, अनुदानित की विनाअनुदानित? पुस्तकं किती? कपाटं उघडी की कुलपात? पटसंख्या? हे कळल्याशिवाय सल्ला देणं म्हणजे नाडी न बघता औषध. तोवर एक वाचून ठेवा: ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक पॅट्रिशिया माँटिएल-ओव्हरऑल यांनी २००५ मध्ये शिक्षक-ग्रंथपाल सहकार्याच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिली, एकमेकांच्या वेळा जुळवणं. दुसरी, कामं वाटून घेणं. तिसरी, एखादा पाठ दोघांनी मिळून आखणं, शिकवणं आणि तपासणं. चौथी, हेच सगळ्या शाळेच्या अभ्यासक्रमात आणणं. पीपीटीत या चार पायऱ्या घाला, छान दिसेल.

निवृत्त_मास्तर
करवीरकर, छान दिसेल हो. साडेचारला मीटिंग, पाचची एसटी. चार पायऱ्यांतल्या दुसरीवर पोचेपर्यंत निम्मा स्टाफ चप्पल शोधत असेल. ३३ वर्षं स्टाफरूममध्ये काढलीत मी. ताई, पीपीटी करू नका.

खिडकीजवळची
मराठी मिडियम. खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा, कर्नाटकात. अनुदानित शाळा, पण माझी पोस्ट संस्थेनं भरलेली. पुस्तकं दाखल नोंदवहीत २,३०० च्या आसपास, प्रत्यक्षात मोजली नाहीत. आठवी ते दहावी. आता सांगा.

जंगलपट्टा
खानापूर म्हटल्यावर पहिलं विचारतो, पुस्तकांना बुरशी आली काय? जांबोटी-कणकुंबीकडं जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो. कपाट भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटं पुढं ओढा. कडुलिंबाचा पाला वाळवून घाला, ओला घातला की तोच कुजतो. डांबर गोळ्या मुलांच्या हाताला नकोत. वाळवीची माती दिसली तर ते कपाट आधी रिकामं करा.

खिडकीजवळची
धन्यवाद, पण मी हे विचारलं नव्हतं. (कपाट भिंतीलाच आहे. उद्या ओढते.)

सीमेवरचा_साधा
मूळ दुखणं कुणी बोलत नाही. मराठी शाळांना मराठी पुस्तकंच मिळत नाहीत. सरकार इकडचं पाठवणार कन्नड, तिकडचं म्हणणार तुम्ही आमच्या राज्यात नाही. १९६७ च्या महाजन अहवालापासून

प्रशासक
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथं या. वरचा प्रतिसाद अर्ध्यावर तोडला आहे.

निपाणीची_माई
तरीपण त्यांचं अगदीच चूक नाही हो. आमच्याकडेही मराठीतलं नवं बालसाहित्य म्हणजे कुणी वाढदिवसाला भेट दिलं तर. पण उपाय आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट वाचायला मिळतात. आणि प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची साइट बघा, एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्येही सापडते. मी दोन्ही छापून समोरासमोर चिकटवल्या. त्यानंतर आमच्या कन्नड टीचर, ज्या कधी आल्या नव्हत्या, त्या आपणहून म्हणाल्या, "अजून आहेत काय असल्या?" पोरांना कन्नड वाचताना शेजारी मराठीचा आधार मिळाला की भीती जाते. ताई, कन्नडच्या टीचरपासून सुरू करा.

गुंडू_गणितवाला
अनुदान मागा की. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयाला पैसे असतात, ५ हजार ते २० हजार.

लिब_करवीर
ते सरकारी शाळांना. यांची अनुदानित आहे असं वर लिहिलंय. वाचत चला.

गुंडू_गणितवाला
बरं बाबा. तुम्ही कोल्हापुरात बसून आम्हाला शिकवा.

निवृत्त_मास्तर
माझा अनुभव सांगतो, लांबेल, पण मागच्या बाकावरनं कुणी बोलू नका. २०१८. ऑगस्टमध्ये म्हादई नदीच्या पाण्यावरनं चाललेल्या कर्नाटक-गोवा वादात लवादाचा निकाल आला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. मी नववीला समाजविज्ञान घेत होतो. शाळेत लायब्ररी सांभाळणारे एक क्लार्क होते, पुस्तकांचा माणूस. ते मधल्या सुट्टीत आले नि म्हणाले, "सर, माझ्याकडं एकाच पेपरच्या बेळगाव आणि गोवा, दोन्ही आवृत्त्या आहेत. त्याच दिवसाच्या. बघणार काय?" बघितल्या. एकीकडे मथळा असा की पाणी मिळालं, दुसरीकडे असा की पाणी गेलं. त्यांनी कात्रणं पुठ्ठ्यावर चिकटवून दिली, शेजारी नकाशा ठेवला, म्हादईचं पाणी जिच्यात वळवायचं त्या नदीचा: मलप्रभा कणकुंबीत उगवते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थला अडते, कुडलसंगमला कृष्णेला मिळते. मी फक्त विचारलं, बातमी एकच, मग मथळे दोन कसे? तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही. एका पोरीचं आजोळ गोव्यात. ती उठून म्हणाली, "सर, मी कुठल्या बाजूनं लिहू?"
त्याचाच एफए-२ चा (वर्षातल्या दुसऱ्या आकारिक मूल्यमापनाचा) उपक्रम केला. तपासायला क्लार्क आणि मी दोघं बसलो, कात्रणाखाली पेपरचं नाव आणि तारीख लिहिली की नाही याचे मार्क त्यांनी दिले. माझं काम अर्धं झालं. ताई, शिक्षकाला "सहकार्य करा" म्हटलं की त्याला वाटतं आणखी एक रजिस्टर आलं. त्याचं काम कुठं कमी होतं ते दाखवा. आणि सगळ्या स्टाफला नको, एकालाच.

लिब_करवीर
मास्तर, हीच माझी तिसरी पायरी. मिळून आखणं, शिकवणं, तपासणं.

निवृत्त_मास्तर
असेल. आम्हाला नाव माहीत नव्हतं, पायरी चढलो एवढं खरं.

निपाणीची_माई
ताई, एक विचारू? कपाटाची किल्ली कुणाकडं असते?

खिडकीजवळची
सायन्सच्या सीनियर टीचरकडे. सकाळी मागून घ्यायची, सुटताना परत द्यायची. माझ्या आधी त्यांच्याकडे चार्ज होता. त्याचा काय संबंध?

निपाणीची_माई
सगळा संबंध तिथंच आहे बहुतेक. जुनी नोंदवही बघा. हरवलेल्या पुस्तकांपुढं काय लिहिलंय?

खिडकीजवळची (शनिवार, दुपारी २.४०)
आज सकाळची शाळा होती, सुटल्यावर बसून बघितलं. शेवटच्या रकान्यात तांबड्या शाईत १७ पुस्तकांपुढं "वसूल" आणि खाली एकूण १,१४० रुपये. सही त्या सायन्सच्या टीचरचीच. शिपाईमामांना विचारलं. म्हणाले, सहलीच्या वर्षी तपासणी झाली, पुस्तकं कमी भरली, टीचरच्या पगारातनं कापली. त्याआधी त्या पोरांना घरी पुस्तकं द्यायच्या म्हणे, दर शनिवारी. त्यानंतर कपाटाला कुलूप. आणि बाकीच्या टीचरनी बघूनच धडा घेतला. मला हे कुणी सांगितलं नाही. मी दोन महिने त्यांना आळशी समजत होते.

गुंडू_गणितवाला
वाटलंच होतं. आमच्याकडं प्रयोगशाळेच्या बीकरचंही असंच. फुटला तर सरांचा, म्हणून पोरांनी लांबूनच बघायचा.

लिब_करवीर
आता नेमका सल्ला देता येईल. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांमध्ये नियम २१५ आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवणं वाजवी धरलं जातं, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. एक हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक हरवलं तर चौकशी करायचीच. हा नियम तुमच्या संस्थेला बांधील नाही, केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे. पण संस्थेच्या सेक्रेटरींपुढं ठेवायला कागद लागतो, तो हा. तुमच्या संस्थेनं असा एक ठराव केला की शिक्षकाच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली. आणि पुस्तकं आधी मोजा, चार्ज लेखी घ्या, नाहीतर पुढचं "वसूल" तुमच्या नावावर.

सीमेवरचा_साधा
ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचा पहिलाच नियम लिहिला, ग्रंथ वापरासाठी आहेत. आमच्या शाळांनी वाचला तो "ग्रंथ तपासणीसाठी आहेत". (हे विषयाला धरून आहे, प्रशासक.)

जंगलपट्टा
१७ पुस्तकं खरंच हरवली की वाळवीनं खाल्ली हे कुणी बघितलं काय? कपाट ओढलं का?

खिडकीजवळची
ओढलं. मागं चार सापडली. पाठीची फळी निघालीय, तिथनं घसरली असावीत. दोन गेल्यात जमा, दोन बऱ्या आहेत. नोंदवहीत नंबर जुळवले, चारही त्या १७ मधली.

निवृत्त_मास्तर
ताई, हे बुधवारी मीटिंगमध्ये काढू नका. चारचौघांत त्या बाईंच्या जखमेवर बोट नको. सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांच्याजवळ जा, ती दोन पुस्तकं घेऊन. आणि विचारा, शनिवारी पुस्तकं कशी द्यायचात?

निपाणीची_माई
आणि चहा घेऊन जा. ग्रंथालयात बोलावू नका, तुम्ही स्टाफरूममध्ये जा.

खिडकीजवळची (गुरुवार, रात्री ८.५५)
सगळ्यांना उत्तर देते. सोमवारी गेले. टीचरनी पुस्तकं उलटसुलट केली, एकाच्या आत त्यांच्याच अक्षरात मुलाचं नाव आणि तारीख होती. म्हणाल्या, "हा आता मिलिटरीत आहे." पुढं बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कुणाकडं पुस्तक टिकायचं, कोण आठ दिवसांत फाडायचं, ते सगळं सांगत बसल्या. घंटा झाली.
काल मीटिंगमध्ये मी तीनच मिनिटं बोलले. पीपीटी नाही. चार्जची पुस्तकं मोजून लेखी घेते, वर्गात गेलेली पुस्तकांची पेटी माझ्या नावावर राहील, टीचरच्या नाही, आणि नियमाचा कागद संस्थेकडे द्यावा ही विनंती. एचएम सर म्हणाले, बघू. "बघू" म्हणजे काय ते इथं सगळ्यांना माहीत आहे. पण सायन्सच्या टीचरनी सगळ्यांसमोर किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, सूक्ष्मजीवांच्या पाठाला पेटी पाठवा, बुरशीचं काही असेल तर बघा.

जंगलपट्टा
बुरशी तुमच्या कपाटामागंच आहे की! ती न्या वर्गात.

गुंडू_गणितवाला
ते चार पुस्तकांचे पैसे टीचरना परत मिळणार काय?

खिडकीजवळची
अर्ज लिहायला घेतलाय. मायना कुणाला जमतो? संस्थेच्या सेक्रेटरींना लिहायचं की एचएममार्फत?

लिब_करवीर
एचएममार्फत. आणि पोच घ्या.