धरणात रोहूचं बीज सोडलं म्हणजे नदी परत दिली का?

कोंडीवरचा
आमच्या नदीवर धरण होतंय. नाव मुद्दाम घेत नाही. ग्रामसभेत सांगितलं की बुडणाऱ्या जंगलाच्या बदल्यात दुसऱ्या तालुक्यात तेवढ्याच वनेतर जमिनीवर झाडं लावणार, आणि माशांच्या बदल्यात जलाशयात रोहू-कटल्याचं बीज सोडणार. टाळ्या पडल्या.

मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या घरामागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, चढणीचे मासे लागतात. रात्री बत्ती आणि कोयता घेऊन गेलात तर दिसतं, गाभोळीनं टम्म फुगलेली मासळी मेरेवरून उड्या मारत भातशेतात शिरत असते. अंडी तिथं घालते आणि परत खाली उतरते. अहिराचं, म्हणजे त्या सापासारख्या लांब माशाचं, याच्या उलट, तो वाढतो नदीत आणि वीण करायला जातो समुद्रात. भिंत घातली की दोघांचाही रस्ता बंद. मग जलाशयातल्या रोहूनं नेमकी कशाची भरपाई होते?

आडगावचो
बरा लिवलंस. पण माझी आवस एप्रिलात हंडो घेवन घाटी चढता, तेचा काय? एवढो पावस पडता आणि मे म्हयन्यात टँकर येता. माशे व्हयेत, पण आधी पाणी व्हया.

कोंडीवरचा
आवशीच्या हंड्याला विरोध कुठे केलाय? धरण नको असं मी लिहिलेलंच नाही. भरपाई म्हणून जे दाखवतात, त्याबद्दल बोलतोय.

निवृत्त_पाटबंधारे
आयुष्य धरणांवर गेलं, म्हणून स्पष्ट सांगतो. माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट चार मीटरच्या बंधाऱ्याला जमते, पन्नास मीटरच्या मातीच्या धरणाला नाही. फरक्का बंधारा १९७५चा, तिथं माशांसाठी सोय ठेवूनसुद्धा समुद्रातून वर चढणारा हिलसा मासा वरच्या गंगेत घटलाच. तेव्हा गेलं ते गेलं. जलाशयात मच्छीमार संस्था काढा, चार पोरांना काम मिळेल. भावनेवर किती दिवस काढणार?

कोंडीवरचा
रोहू-कटला साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणजे बीज दरवर्षी बाहेरून आणायचं. ही पाण्यातली पोल्ट्री झाली. काढा की खुशाल, पण भरपाईच्या रकान्यात लिहू नका. आणि खाली किती पाणी सोडणार? हरित लवादानं २०१७ मध्ये सांगितलंय, कोरड्या दिवसांतल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के. आमच्या कागदांत तो आकडाच नाही.

वाशिष्ठीकाठ
आमच्याकडे उलटा प्रकार. कोयनेतून वीज करून उरलेलं अवजल कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत येतं, त्यामुळे नदी भर उन्हाळ्यातही वाहते. मगरी बघायला लोक होडीतून फिरतात. म्हणजे प्रकल्पानं नदीला काही देताच येत नाही, असं नाही. फक्त माझे काका खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायचे, ते म्हणायचे की पाण्याची चव बदलली. तिसऱ्यांना ठरावीक खारटपणा लागतो. त्या हिशेबात काकांना कोणी धरलं नाही.

गरुडवेडा
झाडांचंही तेच. धनेश पक्ष्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला चिणून घेते आणि एवढीशी फट ठेवते. नर बाहेरून फळं भरवतो. अशी ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं, रोपात ढोली कुठली? त्यापेक्षा तिळारीत झालं ते बरं, २०२० मध्ये २९.५३ चौ. किमी जंगल संवर्धन राखीव जाहीर झालं. उभं आहे ते राखा.

कोंडीवरचा
माझं म्हणणं तेच, फक्त नदीसाठी. एक नदी बांधता, तर शेजारची एक कायमची मोकळी सोडा. महाडजवळ वाळणकोंडीतले मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही, त्याला कुठलं धरणखातं लागलं?

निवृत्त_पाटबंधारे
ऐकायला छान. पण मोकळी ठेवायची ती नदी कोणाच्या गावची? त्यांनी पाणी कुठून प्यायचं?

आडगावचो
आमची नको हां!

कोंडीवरचा
प्रश्न रास्त आहे. म्हणून नदी नाही, एक पऱ्याच मागतोय. धरणाच्या खाली आम्हाला एक मोठा पऱ्या येऊन मिळतो, खाडीतून त्याच्यात अजून मासळी चढते. त्याच्यावरचे दोन प्रस्तावित बंधारे रद्द करा आणि वरच्या वाड्यांना धरणातून नळ द्या, एवढंच ठरावात घालायचंय. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडणार.

आडगावचो
खयचो पऱ्या? सड्याखालचो? अरे, आमचा घर थंयच आसा. नळाचा आधी लिवन घे, मगे मी हात वर करतंय.