आंबा घाटात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १२८ अंशांवर: फ्लश करू की जादा कूलर बसवू?

चढणकर
२०१६ ची डिझेल एसयूव्ही, २.२ लिटर, ६-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा जोड) ऑटोमॅटिक, १,१२,००० किमी. गिअरबॉक्सचं ऑइल कधीच बदललेलं नाही, मॅन्युअलमध्ये 'लाइफटाइम' लिहिलंय. साखरप्याकडून आंबा घाट चढताना पाच माणसं, एसी चालू, पुढे ट्रकची रांग. निम्म्या घाटात गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०२१८ (गिअरबॉक्स ऑइल तापल्याचा कोड), ऑइल १२८ अंश, कूलंट मात्र ९४. सपाटीला ८० च्या वेगानेही ऑइल ९७ च्या खाली उतरत नाही. गळती नाही, झटके नाहीत. गॅरेजवाला मशीन लावून फ्लश करू, म्हणजे दाबाने सगळं जुनं ऑइल धुवून काढू म्हणतोय. करू का?

पानापक्कड
फ्लश नको आणि कूलरही नको, इतक्यात तरी. उष्णता जास्त तयार होतेय की तयार झालेली बाहेर पडत नाही, हे आधी ठरवा.

लॉकअप क्लच (कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा) सुटलेला असताना इंजिन आणि टर्बाइनच्या (कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू) फेऱ्यांत जो फरक पडतो, तो ऑइल घुसळण्यात जातो. त्यामुळे ट्रकमागे रांगत चढताना धडधाकट गिअरबॉक्सही तापतो. पण सपाटीला लॉकअप लागल्यावर तो ८०-९० च्या घरात उतरायला हवा. तुमचा ९७ ला अडकतोय, तेव्हा सगळा दोष घाटाच्या माथी मारू नका.

स्कॅनरवर इंजिन आरपीएम आणि टर्बाइन आरपीएम शेजारी लावा. सहाव्या गिअरला एकसारखा पाय ठेवून फरक ५० च्या आत राहिला तर लॉकअप ठीक. २००-३०० दिसला किंवा पी०७४१ आला तर लॉकअप घसरतंय, मग कूलर कितीही मोठा लावा, उपयोग नाही. दहा किमी चालवून चारही ब्रेक डिस्कचं तापमान टेम्परेचर गनने मोजा. एकच चाक फार तापलं असेल तर कॅलिपर अडकलाय, त्याची ओढही गिअरबॉक्सलाच सोसावी लागते.

ऑइलचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. चहासारखा तपकिरी चालेल. काळा आणि जळका वास असेल तर आतल्या क्लच प्लेटा जळल्यात. गुलाबी दुधासारखा दिसला तर कूलंट मिसळलंय. मग गाडी सुरूच करू नका, पाण्याने प्लेटांवरच्या अस्तराचा गोंद सुटतो.

चढणकर
फरक १०-१५ आरपीएम. चारही चाकं सारखी. थेंब गडद तपकिरी, वास किंचित जळका. कूलर रेडिएटरच्या आतला आहे, बाहेर दोन नळ्या. गनने पाहिलं: कूलरकडे जाणारी १०६, परतणारी ७१.

पानापक्कड
३५ अंशांचा उतार पाहून कूलर झकास चाललाय असं वाटेल. उलट तोच संशयाचा मुद्दा. ऑइल भरपूर वाहत असेल तर एका फेरीत एवढं थंड होत नाही. थोडं थोडं, रेंगाळत जातंय म्हणून ७१ दिसतंय. प्रवाह मोजा.

परतीची नळी सोडून खुणा असलेल्या बाटलीत धरा. गिअर एन मध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलला, बरोबर २० सेकंद. साधारण एक लिटर यायला हवं. एक लिटर झालं की लगेच इंजिन बंद, नाहीतर पंप हवा ओढेल. ऑइल भाजतं, हातमोजे घाला.

मग निघालं तेवढंच ऑइल परत भरून, कूलर वगळून दोन्ही नळ्या एका तुकड्याने जोडा आणि पुन्हा मोजा. प्रवाह वाढला तर कूलर तुंबलाय. तेवढाच राहिला तर फिल्टर, पंप किंवा वाटेतला थर्मोस्टॅट. पंप-फिल्टरचं दुखणं असेल तर पी वरून डी टाकल्यावर गाडी दोन-दोन सेकंद विचार करत बसते.

चढणकर
कूलरसह ४०० मिली. कूलर वगळून ९५०.

तेलकट
मग निदान झालं. क्लचची झीज कूलरच्या आतल्या पट्ट्यांत अडकली आहे. सॉल्व्हंट मारून थोडं सुटेल, पण उरलेला गाळ पुढे व्हॉल्व बॉडीत (ऑइलच्या दाबाने गिअर बदलणारा भाग) जातो. रेडिएटर बदला आणि नळ्या एअरने फुंकून घ्या.

'लाइफटाइम' मनावर घेऊ नका. झेडएफ स्वतः गिअरबॉक्स बनवते आणि ८०,००० ते १,२०,००० किमीला ऑइल बदला म्हणते. फ्लश मशीन इथे नकोच, तळाचा गाळ उठेल. संप (तळाचं ऑइलचं भांडं) उघडून फिल्टर आणि गॅस्केट बदला. मॅग्नेटवर राखाडी लेप असेल तर पुसून टाका. चकचकीत तुकडे असतील तर थांबा, आतून गिअरबॉक्स गेलाय. एकूण आठ लिटर धरलं तर एकदा काढल्यावर साडेतीनच निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून ३००-४०० किमीच्या अंतराने तीनदा काढा-भरा, ८० टक्क्यांवर नवं होतं. साडेदहा लिटर आणि सांडलवंडीला थोडं जास्त. ग्रेड मॅन्युअलमध्ये छापलेलाच. दुकानदाराचा 'सगळ्याला चालतो' ऐकू नका.

लेव्हल: गाडी सपाट, इंजिन चालू, ऑइल ४० अंशांच्या आसपास, सगळे गिअर एकदा फिरवून पी. लेव्हल प्लग उघडल्यावर बारीक धार थेंबांवर आली की बंद. तापलेल्या ऑइलवर पाहिलंत तर फुगलेलं ऑइल वाहून जाईल आणि कमी भराल. जास्त भरलंत तर फेस होतो, फेसही तापवतोच.

घाटवाट
जादा कूलरबद्दल माझं मत वेगळं. पाच माणसं घेऊन घाट नेहमीचा असेल तर नव्या रेडिएटरनंतर, परतीच्या नळीवर, प्लेट प्रकारचा छोटा लावाच. नळी ट्रान्समिशन ऑइलचीच; पेट्रोलची नळी गरम ऑइलने मऊ पडून क्लिपमधून निसटते.

घाटात डी वर सोडू नका, मॅन्युअलला दुसरा किंवा तिसरा धरा. ऑइल १२० अंश दिसलं की मोकळ्या सपाट जागी थांबा, एन, हँडब्रेक, आणि दोन-चार मिनिटं १२०० आरपीएम. लगेच इंजिन बंद केलंत तर पंप थांबतो आणि उष्णता आतच कोंडते.

चढणकर
रेडिएटर उद्या उतरवतोय. वरचा होज काढताना काही?

तेलकट
एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे बघा. लाल मातीचा थर असतो, बाहेरून दिसत नाही. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारा, प्रेशर कमी ठेवा, जाळीचे पातळ पंख दुमडतात. आणि नळ्यांची तोंडं प्लास्टिकने बांधा.