मदत हवी आहे : फौजेत आहे, जुलैत बाळंतपण, नवरा सोबत नाही

देवगडकरीण :
नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी फौजेत आहे, मिलिटरी पोलीस. अग्निवीर नाही, त्याआधीच्या भरतीतली, त्यामुळे लग्नाला आडकाठी नव्हती. लग्न झालं आणि दीड वर्षात फिसकटलंही. घटस्फोटाची केस चालू आहे, नवऱ्याने फोन उचलणं बंद केलंय. त्यावर इथे चर्चा नको, प्लीज. मला विसावा आठवडा चालू आहे, तारीख जुलैच्या मध्यावर. सध्या सुट्टीवर गावी आलेय.

युनिटमध्ये सांगायला मी उशीरच केला. आमच्या ड्रेसवर पांढरा पट्टा असतो. चौथ्या महिन्यात तो शेवटच्या भोकात जाऊन बसला, तेव्हा म्हटलं आता लपवण्यात अर्थ नाही. एक सीनियर मागून म्हणाला, "पोरी भरती केल्या की हेच." मोठ्या साहेबांनी मात्र नीट ऐकून घेतलं. पीटी आणि रात्रीची गेट ड्युटी बंद, ऑफिसात बसवलंय.

रजेचं मला माहीत आहे. ऑफिसर बायकांना होती तीच १८० दिवसांची भरपगारी रजा आम्हा जवान मुलींनाही द्यायला नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी मंजुरी दिली. शिवाय मूल १८ वर्षांचं होईपर्यंत सगळी मिळून ३६० दिवस चाइल्ड केअर लीव्ह. घोडं अडतंय ते पुढे.

बाळंतपण गावी करावं असं आईचं म्हणणं. पण जुलै म्हणजे आमच्याकडे आषाढाचा पाऊस. काही बिनसलं तर लोक शेवटी गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटललाच नेतात, आणि रात्री दोन वाजता भर पावसात त्या रस्त्याने जायची माझी तयारी नाही. दुसरं म्हणजे बाळाच्या दाखल्यावर बापाचं नाव घालावंच लागतं का? आणि रजा संपल्यावर बाळ कुठे ठेवू? आई म्हणते, "तू जा गो बाय, पोराक मी बघतंय." वाडीतले मात्र रोज येऊन नोकरी सोड म्हणतात. नोकरी सोडायची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सुभेदार_रिटायर्ड :
पोरी, नोकरी सोडायची नाही हे बरं केलंस. मी रत्नागिरीचा, २६ वर्षं नोकरी केली. सिंधुदुर्गात आपलं मिलिटरी हॉस्पिटल नाही, पण वास्कोला नेव्हीचं जीवंती आहे. तू आर्मीची असलीस म्हणून काही बिघडत नाही, सर्व्हिंग माणसाला तिन्ही दलांची हॉस्पिटलं चालतात. आत्ताच फोन करून प्रसूतीची काय सोय आहे आणि नोंदणी कधी करायची ते विचार. मुंबईचं अश्विनी मोठं, पण कणकवलीहून रात्रभराचा प्रवास, त्यात पावसाळ्यात कोकण रेल्वे हळू चालते. वास्कोला जायचं तर छत्तिसाव्या आठवड्याआधीच जाऊन राहा.

मूल झालं की दाखल्याची प्रत लगेच युनिटला पाठव आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे तुझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये मुलाची नोंद करणारा हुकूम, छापून घे. ती नसेल तर फौजेच्या लेखी तुला मूलच नाही! पुढे कम्पॅशनेट पोस्टिंगचा, म्हणजे घरच्या अडचणीसाठी बदलीचा, अर्ज करशील तेव्हा पहिलं तेच मागतील. हो, आणि ३६० दिवस हक्काचे धरू नकोस, साहेबाने मंजूर केले तर मिळतात.

खारेपाटणकर :
दाखल्याचं सोपं आहे. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच सांगितलंय की आई एकटी पालक असू शकते, बापाचं नाव सांगायची सक्ती नाही. बिनधास्त सोडून दे.

वकीणबाई :
खारेपाटणकर, तो निकाल अविवाहित आईच्या बाबतीतला होता. ताईंचं लग्न कायद्याने अजून टिकून आहे, आणि लग्न टिकून असताना झालेलं मूल कायदा नवऱ्याचंच धरतो. ताई, रागाच्या भरात नाव गाळू नका. त्याच नावावर उद्या मुलासाठी पोटगी मागता येईल. तुम्ही कमावता म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. ताबा कोणाकडे हा प्रश्न वेगळा, तो चालू केसमध्येच मांडा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला मोफत वकील मिळतो, तिथे पगार विचारत नाहीत.

एक गोष्ट लोक विसरतात. जन्माची नोंद जिथे मूल जन्मतं तिथेच होते. वास्कोत झालं तर दाखला गोव्याचा, तुमच्या ग्रामपंचायतीत मिळणार नाही. २१ दिवसांत नोंद करा. नाव ठरलं नसलं तरी चालतं, ते नंतर घालता येतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या आधी येतं, तेव्हा शाळेत घालताना तुमचं नाव असणारच आहे.

दापोलीची_नर्स :
तारखेच्या महिनाभर आधी रजा सुरू केलीत तर परत जाताना बाळ पाच महिन्यांचंच असेल, हे आत्ताच मोजून ठेवा. सहा महिने फक्त अंगावरचं दूध असं आम्ही सगळ्यांना सांगतो, नाचणीचं सत्त्व त्यानंतर. दूध काढून ठेवायचं तर बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस. पण तुमच्याकडे पावसात लाइट किती वेळ असते ते तुम्हालाच ठाऊक. मला विचाराल तर बाळ गावी ठेवण्यापेक्षा आईलाच वर्षभर सोबत न्या.

देवगडकरीण :
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, पार्ट टू ऑर्डरचं डोक्यातच नव्हतं. वकीणताई, नाव गाळणार नाही. गिळायला जड आहे, पण पटलं.

आईला सोबत नेण्याचं काल रात्री बोलले. आधी म्हणाली, आंब्याचं कोण बघणार? मग थोड्या वेळाने, "थयसर थंडी किती असता?" म्हणजे येईल बहुतेक.

आता एकच. वास्कोत किंवा आसपास जून ते ऑगस्ट एक खोली भाड्याने हवी आहे, मी आणि आई दोघीच. तळमजला असावा, आईचे गुडघे दुखतात. कोणाच्या माहितीत असेल तर निरोप करा.